चढावर पिकअप जातो, पिवळी लाइट लागते, कोड काढला की आठवड्यात परत येतो: एक लिटर टर्बो पेट्रोलमधला दोष कसा शोधायचा

कुंभार्ली घाटात माझ्या गाडीने तीन वेळा मान टाकली. तिन्ही वेळा चित्र एकच. चिपळूणहून कराडला यायचं, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. पोफळी मागे पडली आणि चढ सुरू झाला की पहिली काही वळणं गाडी झकास घ्यायची. मग एका वळणावर पाय पूर्ण दाबला तरी गाडी ओढेना. इंजिन फिरतंय, आवाज करतंय, झटका नाही, धूर नाही, पण दुसऱ्या गिअरवरही बैलगाडीसारखी चाल. मीटरवर इंजिनाची पिवळी खूण. कसंबसं वर यायचं, पाटणला चहाला थांबायचं, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ठणठणीत! कराडपर्यंत काही म्हणजे काही नाही.

सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावला की कोड एकच निघायचा: पी०२९९, म्हणजे टर्बोचा, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब अपेक्षेपेक्षा कमी. पहिल्या वेळी कोड पुसून दिला. दुसऱ्या वेळी कोड पुसला आणि सॉफ्टवेअर अपडेट केलं. दोन्ही वेळा हायवेवर सपाटीला फिरवून ‘टेस्ट ड्राइव्ह ओके’ असं लिहून दिलं. तिसऱ्या वेळी टर्बो बदलायचं कोटेशन हातात ठेवलं, ऐंशी हजारांच्या वर. टर्बो चांगला होता. तो आजही त्याच गाडीत तोच आहे.

गाडीच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण खाली जे सांगतोय ते एक लिटर ते सव्वा लिटरच्या जवळपास प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीला लागू आहे. या दोषामागे धावताना मी वर्ष घालवलं, तेवढं दुसऱ्या कोणाला घालवावं लागू नये.

आधी दोषाची जात ओळखा

‘पिकअप जातो’ या एका वाक्यात चार वेगवेगळे आजार असतात. गॅरेजला जाऊन नुसतं तेवढंच सांगितलं तर समोरचाही अंदाजाने हात घालतो. म्हणून पहिल्यांदा स्वतः नीट बघा.

आरपीएम वर चढतात पण त्या मानाने वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर क्लच घसरतोय. टर्बोकडे बघूही नका.

गाडी धक्के मारते, मिसिंग येते, स्टिअरिंगपर्यंत थरथर जाणवते, तर तो बहुतेक प्लग किंवा कॉइलचा प्रश्न आहे. टर्बोचा दाब चढला की सिलिंडरमध्ये हवा दाट होते आणि दाट हवेत ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. झिजून फट वाढलेला प्लग सपाटीवर चालून जातो आणि चढावर नेमका दगा देतो. टर्बो इंजिनात प्लगची फट साधारण ०.७ ते ०.८ मिमी इतकी कमी ठेवतात ती याचसाठी. कोड पी०३०१, पी०३०२ किंवा पी०३०३ असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून बघा. कोड तिच्या मागे गेला तर कॉइलच खराब. आणि एक गोष्ट फार गंभीरपणे घ्या: पिवळी लाइट स्थिर नसून उघडझाप करत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो. चार आकडी कॉइलसाठी मग कन्व्हर्टरचा खर्च अंगावर येतो.

गाडी आधी ओढत होती आणि हल्ली सगळीकडेच, सपाटीलाही, थोडी जड वाटते, अॅव्हरेज थोडं उतरलंय, पण लाइट नाही, तर फिल्टर, टायरमधली हवा, ब्रेक धरून राहणं आणि इंधन इकडे बघा. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जाच थोडी कमी असते, कारण इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. त्याने अॅव्हरेज उतरेल. घाटात अचानक ताकद गळून पडणं त्याने होत नाही.

चौथा प्रकार माझा. झटका नाही, धूर नाही, गाडी गुळगुळीत चालते आणि गुळगुळीतपणेच ताकद सोडते. चावी बंद करून चालू केली की परत येते. हा हवेचा दोष. परत येण्याचं कारणही साधं आहे: दाब कमी दिसला की कॉम्प्युटर इंजिन सांभाळण्यासाठी बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, कापतो, आणि चावी फिरवून नवी सुरुवात केली की पुन्हा एकदा संधी देतो. दोष तिथेच असतो, फक्त पुढच्या चढाची वाट बघत.

एवढ्या छोट्या इंजिनात हवेला इतकं महत्त्व का

आपल्याकडे ही छोटी टर्बो इंजिनं आली त्यात कराचा मोठा वाटा आहे. चार मीटरच्या आतली लांबी आणि १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन असेल तर गाडीवर कर कमी. म्हणजे सीसी वाढवायची सोय नाही, तरी ग्राहकाला दीड लिटरची ताकद हवी. मग उरतो एकच मार्ग, त्याच भांड्यात हवा दाबून भरायची.

आकड्यांत बघा. मारुतीचं बिनटर्बोचं ९९८ सीसीचं के१०सी इंजिन सेलेरिओत ६७ पीएस ताकद आणि ८९ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देतं. त्याच कुटुंबातलं, तेवढ्याच ९९८ सीसीचं बूस्टरजेट फ्रॉंक्समध्ये १०० पीएस आणि १४७.६ न्यूटन मीटर देतं. ह्युंदाईचं ९९८ सीसी टर्बो १२० पीएस, १७२ न्यूटन मीटर. चाकणला बनणाऱ्या टायगुन, कुशाक, व्हर्टस, स्लाव्हिया या गाड्यांतलं ९९९ सीसी टीएसआय ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर. टाटाचं नेक्सॉनमधलं ११९९ सीसी रेव्होट्रॉन १२० पीएस, १७० न्यूटन मीटर. आता स्विफ्टचं जुनं बिनटर्बो चार सिलिंडर इंजिन घ्या: ११९७ सीसीत ११३ न्यूटन मीटर, म्हणजे लिटरमागे साधारण ९४. टीएसआय लिटरमागे १७८ काढतं, जवळजवळ दुप्पट. पेट्रोल जळायला हवा लागते आणि दुप्पट टॉर्क हवा तर हवाही दुपटीच्या आसपास लागते. म्हणजेच पूर्ण जोरात असताना इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गातला, दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीला पोचलेला असतो.

याचा अर्थ असा, की तुमच्या गाडीची निम्मी ताकद लोखंडात नाही. ती रबराच्या दोन-तीन होजमध्ये, चार क्लॅम्पमध्ये आणि एका छोट्या झडपेत कोंडलेली आहे. होजला चीर पडली की ११०० किलोची गाडी, पाच माणसं आणि सामान ओढायला उरतं ते साध्या एक लिटरचं इंजिन. माझ्या गाडीची घाटातली बैलगाडी चाल हीच होती.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. जुन्या बऱ्याच टर्बो गाड्यांत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ असतो. पुढे हवा गळली तर मिश्रणाचा हिशोब चुकतो, काळा धूर येतो, लगेच संशय येतो. आजची अनेक छोटी इंजिनं इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा हिशोब करतात. त्यांत होज गळला तरी मिश्रण बरोबरच राहतं, कारण कॉम्प्युटर जेवढी हवा पोचली तेवढंच पेट्रोल सोडतो. म्हणून धूर नाही, वास नाही, मिसिंग नाही. फक्त ताकद नाही. मिस्त्रीलाही मग दिसायला काही नसतं.

पाचशे-सातशे रुपयांचा डोंगल आणि शेजारी बसलेला माणूस

गॅरेजला जायच्या आधी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ डोंगल घ्या आणि मोबाइलवर इनटेक मॅनिफोल्डचा दाब बघा. आकडे शेजारच्याने वाचायचे, चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. माझा मुलगा वाचायचा आणि वहीत लिहायचा.

चावी चालू, इंजिन बंद: आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा दिसला पाहिजे. चिपळूणला शंभर-एकशे एक किलोपास्कल, कराडला उंचीमुळे पंचाण्णवच्या आसपास. इथेच आकडा वेडावाकडा असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खराब, पुढचं सगळं निरर्थक. इंजिन नुसतं चालू, पाय सोडलेला: तीस ते चाळीसच्या दरम्यान. आता चढावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरला, अडीच हजार आरपीएमच्या पुढे, पाय पूर्ण दाबून: निरोगी गाडीत दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे असा आकडा झरझर चढतो. माझा एकशे अठ्ठावीसच्या पुढे जाईना.

चांगल्या स्कॅनरमध्ये याहून मोलाची गोष्ट दिसते: कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब. हे दोन आकडे शेजारीशेजारी बघितल्याशिवाय टर्बो बदलायला कोणालाही होकार देऊ नका. मागणी दोनशेची आणि मिळतंय एकशे तीस, तर हवा कुठेतरी गळतेय, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) उघडं राहतंय, किंवा टर्बोच फिरत नाही. पण मागणीच एकशे तीसची असेल तर टर्बो सांगितलेलं काम चोख करतोय. कॉम्प्युटर स्वतःहून हात आखडता घेतोय. मग त्याला काय टोचतंय ते शोधायचं: आत येणारी हवा फार गरम आहे, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठोक) ऐकू येतंय, इंधनाचा दाब पडतोय, की इंजिन तापलंय. हे दोन रस्ते सुरुवातीलाच वेगळे होतात आणि चुकीच्या रस्त्याने गेलात तर पैसे जातात, दोष राहतो. माझ्या गाडीत मागणी दोनशे पाचची होती. म्हणजे पहिला रस्ता.

गळती कशी सापडली

आमच्या गल्लीत एक जुने मेस्त्री आहेत. ते मुख्यतः डिझेलवाले, ट्रक आणि जीपगाड्यांत आयुष्य गेलेलं. त्यांना कोटेशन दाखवलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “दादा, घाटात बसतोय आन् पाटणला परत उठतोय, असा टर्बो मी तर बघितला न्हाई. गेलेला टर्बो परत येत नसतोय.”

त्यांनी आधी फिल्टर काढला आणि टर्बोच्या तोंडाशी बोट घालून पंख्याची दांडी हलवून बघितली. इंजिन गार आणि बंद असताना हे कोणालाही करता येतं. दांडी बाजूला किंचित हलते, ते चालतं, कारण ती ऑइलच्या थरावर तरंगते. पुढेमागे हललेली जाणवता कामा नये आणि पंख्याची पाती घराला घासलेली दिसता कामा नयेत. माझ्या टर्बोत दोन्ही नव्हतं.

मग त्यांनी प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसीची एंड कॅप आणवली, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि टर्बोच्या हवा घेण्याच्या तोंडावर ती कॅप क्लॅम्पने आवळली. इंजिनातली वाफ फिल्टरच्या पाइपला आणून सोडणारी ब्रीदरची नळी वेगळी काढून बंद केली. ती बंद केली नाही तर हवा इंजिनाच्या ऑइलच्या चेंबरमध्ये शिरते आणि ऑइल सील बाहेर ढकलले जातात, हे विसरू नका. पायपंपाने हळूहळू हवा भरली. दहा-बारा पीएसआयच्या वर जायचं नाही, गॅरेजच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावायची नाही आणि कॅपच्या समोर उभं राहायचं नाही. निसटली तर लागते.

पाच पीएसआयला काहीच नाही. होजवर साबणाचं पाणी मारलं, एक बुडबुडा नाही. अकरा पीएसआयला इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) बाहेर पडणाऱ्या होजच्या खालच्या अंगाला फुसफुस सुरू झाली आणि फेस आला. वरून होज नवा दिसत होता. खालून तीन-साडेतीन सेंटिमीटरची चीर, ओठ मिटल्यासारखी बंद. दाब आला की उघडायची, दाब गेला की मिटायची. तीन सर्व्हिसमध्ये ती कोणालाही दिसली नव्हती, कारण कोणीही दाब देऊन बघितलं नव्हतं. सपाटीवरच्या टेस्ट ड्राइव्हला एवढा दाब तयारच होत नाही.

होज बदलला, त्याच संध्याकाळी पाचवडच्या दिशेने गाडी दामटून बघितली, आकडा एकशे नव्व्याण्णव. मला वाटलं संपलं.

अडीच महिन्यांनी पुन्हा तोच घाट, तीच पिवळी लाइट, तोच कोड.

होज पुन्हा का फाटला

इथे मी चूक केली होती आणि ती सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ‘परत परत येणारा’ दोष म्हणतात तो बहुतेक वेळा असाच असतो. मी काय फाटलं ते बघितलं, का फाटलं ते बघितलंच नाही.

पहिला संशय होजच्या दर्जावर गेला आणि तो काही अंशी खरा होता. मी बसवलेला होज साध्या रबराचा होता. इनटेकच्या हवेत ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ नेहमी थोडी असते. इंटरकूलरच्या पाइपात हाताला लागेल एवढा तेलकट थर असणं चुकीचं नाही. पण हे ऑइल साधं रबर फुगवतं आणि मऊ करतं. मूळ होजमध्ये आत ऑइल सहन करणारं अस्तर असतं आणि मध्ये कापडाचा थर. दिसायला दोन्ही काळेच.

दुसरं कारण खरं होतं. मेस्त्रींनी बॉनेट उघडून मला गाडीत बसवलं, हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेक घट्ट दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगितलं. ते स्वतः बाजूला उभे राहिले, समोर नाही. क्लच धरला तसं अख्खं इंजिन मागे कलंडलं आणि होज रबरबँडसारखा ताणला गेला. इंजिन माउंटिंगपैकी, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांपैकी, खालच्या टॉर्क रॉडचा बुश फाटून मोकळा झाला होता. घाटात प्रत्येक वळणावर जोर द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. प्रत्येक वेळी इंजिन झुलायचं आणि होज त्याच जागी पिळला जायचा. कितीही चांगला होज असता तरी तिथेच फाटला असता.

तीन सिलिंडरच्या इंजिनात हे जास्त होतं. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक स्फोट, तीनमध्ये दर २४० अंशांना. धक्क्यांमधलं अंतर जास्त, शिवाय तीन सिलिंडरचं इंजिन दोन टोकांनी झोपाळ्यासारखं हलायला बघतं. बहुतेक छोट्या इंजिनांत वजन आणि खर्च वाचवायला थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट नसतो, त्यामुळे ही सगळी थरथर माउंटिंगने गिळायची असते. त्यात टॉर्क दुप्पट. म्हणून पन्नास-साठ हजार किलोमीटरनंतर माउंटिंग हा भाग टायरसारखा तपासत राहावा, असं माझं ठाम मत आहे. उभ्या गाडीत एसी लावल्यावर केबिन थरथरायला लागली, गिअर बदलताना ‘ठक’ वाजलं, तर ती पहिली खूण. माझ्या गाडीत ती खूण वर्षभर आधीपासून होती. तीन सिलिंडरची गाडी आहे, थरथरणारच, म्हणून मी तिच्याकडे काणाडोळा केला.

मूळ दर्जाचा होज, दोन नवे क्लॅम्प आणि टॉर्क रॉड मिळून खर्च दहा हजारांच्या आत झाला.

गळती आहे हे माहीत असूनही गाडी तशीच चालवू नका. दाब कमी पडतोय म्हटल्यावर कॉम्प्युटर वेस्टगेट बंद ठेवून टर्बोला अजून जोरात पळवतो. छोट्या टर्बोची दांडी तशीही मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेते. तिला मर्यादेपलीकडे पळवलं तर काही महिन्यांत ते ऐंशी हजारांचं कोटेशन खरं ठरेल.

होज शाबूत असेल तर

मागणी जास्त, दाब कमी आणि बाहेर कुठेही फुसफुस नाही, असं असेल तर दोन जागा बघा. एक, टर्बोवरचा रीसर्क्युलेशन व्हॉल्व्ह. पाय सोडल्यावर अडकलेला दाब तो परत टर्बोच्या तोंडाकडे सोडतो. त्याचा पडदा फाटला तर हवा आतल्या आत गोल फिरत राहते, बाहेर आवाजही येत नाही. दोन, वेस्टगेट. ज्या गाड्यांत ते हवेच्या दाबावर चालतं त्यांत बोटाएवढ्या पातळ रबरी नळ्या असतात. त्या कडक होऊन तडकतात. ज्यांत ते मोटरवर चालतं त्यांत दांडीचा बिजागर गंज आणि उष्णतेने अडकतो. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना याचा त्रास जास्त. गार असताना दांडी मोकळी आणि गरम झाल्यावर जड, असा तो दोष फसवा असतो, म्हणून गरम असतानाच स्कॅनरने दांडी हलवून बघायला सांगा. त्याआधी एअर फिल्टर उघडून बघा, हे सांगायला नको. फिल्टर चोंदला तर टर्बो स्वतःच्या सीलमधून ऑइल ओढायला लागतो आणि निदान आणखी भरकटतं.

मागणीच कमी असेल तर आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. गाडी पळत असताना ते बाहेरच्या तापमानापेक्षा फार वर राहिलं तर इंटरकूलर चिखलाने बुजलाय का ते तपासा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर टीएसआयमध्ये इंटरकूलर समोर जाळीमागे नसून इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आणि पाण्यावर चालणारा आहे. त्याला वेगळा विजेचा पंप आहे. अशा रचनेत पंप थांबला की बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त हवा तापते आणि ताकद कापली जाते. आणि कोड पी००८७ सोबत असेल तर हवेचा नाद सोडा, तो इंधनाच्या दाबाचा आहे. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात हा दाब दोनशे बारच्या वर जातो. टाकीतला पंप अशक्त झाला किंवा त्याची जाळी भरली तर पूर्ण जोरात तो टिकत नाही.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, हे खरं आहे, कारण पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून वाहतच नाही. रेव्होट्रॉन किंवा मॅग्नाइट-कायगरचं एक लिटर टर्बो यांत पोर्ट इंजेक्शन असल्याने, म्हणजे पेट्रोल व्हॉल्व्हच्या आधीच सोडलं जात असल्याने, तो प्रश्न नाही. पण कार्बनची लक्षणं वेगळी: सकाळी गार इंजिन खडखडतं, पाय सोडलेला असताना मिसिंग मारतं. घाटात गुळगुळीत ताकद जाण्यावर कार्बन सफाईचं पॅकेज विकत घेऊ नका. टाकीत ओतायच्या बाटल्या तर त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाहीत.

निळा धूर आला म्हणून लगेच टर्बोचा सील गेला असंही धरू नका. टर्बोतून ऑइल परत खाली येतं ते स्वतःच्या वजनाने. ब्रीदरचा व्हॉल्व्ह चोंदून चेंबरमध्ये दाब वाढला की ऑइलला खाली उतरायला वाट राहत नाही आणि ते सीलमधून बाहेर पडतं. ब्रीदर आधी, टर्बो नंतर.

ऑइल आणि गिअर

टर्बो पेट्रोलमध्ये ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी किंवा त्याच्या नंतरचा दर्जा लिहिलेला बघूनच घ्या. कंपनीच्या पुस्तकात वेगळा नंबर दिला असेल तर तो आधी. एसपी हा दर्जा २०२० मध्ये आला आणि त्याच्या आधीचा एसएन प्लस २०१८ मध्ये. दोन्हींमागे एक मोठं कारण छोटी टर्बो इंजिनंच होती. कमी आरपीएमला जास्त दाब असताना ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि तो एक फटका पिस्टनची रिंग बसते ती कड तोडू शकतो. ऑइलमधली रसायनं बदलून हा धोका कमी केला गेला. उरलेला धोका आपल्या पायाखाली आहे: चढावर चौथ्या गिअरला पंधराशे आरपीएमवर पाय पूर्ण दाबून गाडी रेटू नका. गिअर खाली घ्या, इंजिनाला अडीच-तीन हजारांवर फिरू द्या. पेट्रोल वाचवायच्या सवयीने आपल्याकडे अनेकजण नेमकं उलट करतात आणि मलाही ही सवय मोडायला वेळ लागला. घाटमाथ्यावर पोचल्यावर लगेच चावी काढू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा. तापलेल्या दांडीभोवतीचं ऑइल थांबलं की तिथेच करपतं.

जॉब कार्डवर काय लिहून घ्यायचं

‘पिकअप कमी’ एवढंच लिहू देऊ नका. कोड, त्या क्षणी नोंदलेला वेग, आरपीएम आणि तापमान स्कॅनरमध्ये साठलेलं असतं. कोड पुसायच्या आधी त्या पानाचा फोटो काढून मागा. एकदा पुसला की ही माहिती गेली. मग लिहून घ्या: मागितलेला दाब आणि मिळालेला दाब चढावर, भरलेल्या गाडीत, गरम इंजिनावर मोजावा, होजची दाब देऊन चाचणी करावी, इंजिन माउंटिंग जोर देऊन तपासावीत. टर्बो बदलायचा असेल तर या तिन्हींचे निकाल आधी दाखवावेत. वॉरंटी चालू असेल तर ही ओळ फार उपयोगी पडते, कारण तोच दोष पुन्हा आला तर आधी काय तपासलं आणि काय नाही ते कागदावर राहतं.

गेल्या मे महिन्यात त्याच घाटातून, तेवढ्याच सामानाने आलो. मुलगा आकडे वाचत होता: एकशे सत्तर, एकशे नव्वद, दोनशे तीन. पाटणला चहाला थांबलो, पण गाडी बंद करून चालू करायची गरज पडली नाही. नवा टॉर्क रॉड बसवून आता एकवीस हजार किलोमीटर झाले आहेत आणि दर सर्व्हिसला मी होजच्या खालच्या अंगावरून एकदा बोट फिरवून बघतो.